वस्तीतल्या स्त्रियांसाठी चित्र आणि मातीकामाची कार्यशाळा: मनाला आधार मिळावा म्हणून ती कशी चालवावी?

प्रश्न (महिला मंडळाची कार्यकर्ती, पूर्व भाग, सोलापूर)

नमस्कार. आमच्या वाचनालयाला लागून असलेली मोठी खोली दुपारी रिकामी असते. तिथे आठवड्यातून एकदा परिसरातल्या स्त्रियांसाठी चित्र आणि मातीकामाची कार्यशाळा सुरू करावी, असा आमच्या मंडळाचा विचार आहे. येणाऱ्यांपैकी बहुतेक जणी घरी विड्या वळणाऱ्या असतील. काहींच्या घरचे यंत्रमाग बंद पडले आहेत, आणि मुले पुण्याला कामाला गेल्यामुळे दिवसभर एकट्या बसून राहणाऱ्या काही आजीही आहेत. झोप लागत नाही, छातीत धडधडते, कशातच जीव रमत नाही, असे या बायका एकमेकींजवळ बोलतात. पण डॉक्टरांचे नाव काढले की ‘मला काय वेड लागलंय का?’ एवढ्यावर विषय संपतो.

अशा कार्यशाळेने मनाला खरोखर आधार मिळतो, की फक्त दोन तास बरे जातात? मंडळातल्या काही जणींचे म्हणणे आहे की शेवटी स्पर्धा आणि बक्षिसे ठेवली तरच बायका टिकतील. मला ते पटत नाही, पण त्याचे उत्तरही देता येत नाही. आणि चित्र काढता काढता कोणाला रडू कोसळले, तर आमच्यापैकी कोणीच त्यातले जाणकार नाही, तेव्हा काय करावे?

उत्तर (निवृत्त कलाशिक्षक, जुळे सोलापूर)

ताई, स्पर्धा अजिबात ठेवू नका. माझी सारी नोकरी शाळेत चित्रकला शिकवण्यात आणि मुलांना एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसवण्यात गेली. त्या परीक्षांचे महत्त्व मी नाकारत नाही. पण ‘माझा हात चांगला नाही’ हे वाक्य मी मुलांपेक्षा त्यांच्या आयांच्या तोंडून जास्त ऐकले आहे, आणि ते त्यांना कोणीतरी गुण देऊनच शिकवलेले असते. तुमच्याकडे येणाऱ्या स्त्रियांची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते, माल जमा करताना त्यातल्या खराब म्हणून बाजूला काढल्या जातात, म्हणजे आठवडाभर त्यांच्या हातांची तपासणीच चालू असते. ज्या खोलीत कोणी काही मोजत नाही आणि बाजूला काढत नाही, अशी एक जागा त्यांना मिळाली तर त्या बक्षिसाशिवायही येतील, अशी माझी खात्री आहे.

साहित्य निवडताना त्यांच्या कामाचा विचार करावा. मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून, बोटांच्या टोकांनी तासन्‌तास काम करणाऱ्या बाईला पुन्हा बारीक नक्षी रंगवायला देणे म्हणजे तेच काम वेगळ्या रंगात देणे होय. मोठे कागद भिंतीवर लावा, जाड तेलखडू आणि रुंद ब्रश द्या, म्हणजे खांद्यापासून हात फिरेल. शाडूची माती तर अवश्य ठेवा, कारण ती दाबता येते, आपटता येते आणि मोडून पुन्हा करता येते; ज्यांना कागदाची भीती वाटते त्या मातीला बिनदिक्कत हात घालतात. टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांतून उरलेले रंगीत सूत आणि काठांच्या पट्ट्या मागून पाहा. चिकटवून चित्र करायला त्यासारखे साहित्य नाही, आणि सोलापूरच्या बाईला त्याचा स्पर्श ओळखीचा असतो.

पहिल्या दिवशी ‘मनात येईल ते काढा’ असे म्हणू नये, कारण कोऱ्या कागदासमोर भलेभले गोठतात. रंगीत कागद फाडून चिकटवणे किंवा ठिपक्यांवरून रेघ ओढणे अशी सोपी सुरुवात द्या. पुढे सिद्धेश्वराच्या यात्रेत भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेतली एखादी आठवण हा विषय देता येईल. पाळणे आणि बांगड्यांची दुकाने सगळ्यांनीच पाहिलेली असतात, आणि तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी बोलणाऱ्या बायका एकाच कागदाभोवती बसल्या की एकीला शब्द सापडला नाही तर ती बोटाने दाखवते. चित्रावर ‘छान’ असा शेरा देण्यापेक्षा ‘इथे हा निळा का घेतला, मावशी?’ असे विचारावे. तिला सांगावेसे वाटले तर ती सांगेल, नाही वाटले तर तिथेच थांबावे.

उत्तर (मनोरुग्णांसोबत काम करणारी सामाजिक कार्यकर्ती, सोलापूर)

सरांनी सांगितलेली पद्धत मला पूर्ण मान्य आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की आधार मिळतो, आणि त्याला अभ्यासाचे पाठबळही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2019 मध्ये 3000 हून अधिक अभ्यासांचा आढावा प्रसिद्ध केला. आजार टाळण्यात, तो सांभाळण्यात आणि आरोग्य वाढवण्यात कलांचा मोठा वाटा असू शकतो, असा त्याचा निष्कर्ष होता. अमेरिकेत 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात 39 प्रौढांना 45 मिनिटे रंग, माती आणि कागदाचे काम करू दिले, तेव्हा सुमारे तीन चतुर्थांश जणांच्या लाळेतील कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाशी निगडित असलेले संप्रेरक, कमी झालेले आढळले. आधी चित्रकलेचा सराव होता की नव्हता, याने फरक पडला नाही, आणि तुमच्या मंडळाला सांगण्यासारखी गोष्ट नेमकी हीच आहे. मात्र ताण थोडा वेळ उतरणे आणि नैराश्य बरे होणे यांत अंतर आहे, आणि मजुरीची किंवा कर्जाची चिंता कोणत्याही रंगाने मिटत नाही, हे आयोजकांनी मनाशी स्पष्ट ठेवावे.

कलोपचार हे प्रशिक्षण घेऊन करायचे वेगळे काम आहे. तुम्ही ते करायला जाऊ नका. चित्रात काळा रंग दिसला म्हणून ‘तुला दुःख आहे’ असे अर्थ काढणे तर पूर्णपणे टाळा. एडवर्ड अ‍ॅडमसन या चित्रकाराने इंग्लंडमधील नेदर्न मनोरुग्णालयात 1946 पासून रुग्णांसाठी चित्रशाळा चालवली. रुग्णांना मोकळेपणाने काम करू द्यावे आणि त्यांच्या चित्रांचा अर्थ लावत बसू नये, असा त्यांचा कटाक्ष होता. रुग्णालयात जे पथ्य पाळले गेले, ते वस्तीत तर पाळायलाच हवे.

कोणी रडले तर घाबरू नका. शेजारी बसा, पाणी द्या, सगळ्यांसमोर कारण विचारू नका, आणि ‘रडू नकोस’ असेही म्हणू नका. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी, झोप-भूक गेलेली, हातचे काम होत नाही, असे कोणाचे दिसले तर तिला एकटीला बाजूला घेऊन बोला आणि सिव्हिल हॉस्पिटलमधल्या मनोविकार विभागात स्वतः सोबत जा. नुसता पत्ता दिल्याने बाई जात नाही. जगण्यात अर्थ नाही असे कोणी म्हणाले, तर जीव देण्याचे विचार येतात का, हे सरळ शब्दांत विचारा. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, हा समज खरा नाही. अशा वेळी तिला एकटी सोडू नका आणि टेली-मानसच्या 14416 या क्रमांकावर फोन लावा. ही सरकारी सेवा 2022 पासून सुरू आहे, मोफत आहे, दिवसरात्र चालते आणि मराठीसह अनेक भारतीय भाषांत मिळते. हा क्रमांक खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

छायाचित्रांबद्दल आग्रहाने सांगते. चेहरे आणि चित्रे मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका. उपचार घेणाऱ्या व्यक्तीची माहिती आणि छायाचित्र तिच्या संमतीशिवाय प्रसारमाध्यमांना देण्यास 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनाई केली आहे. तुमची खोली म्हणजे रुग्णालय नाही, हे खरे. पण एकीची गोष्ट गल्लीत फिरली तर पुढच्या आठवड्यात दहा जणी येणार नाहीत.

उत्तर (एक वाचक, अशोक चौक)

माझ्या आई विड्या वळतात, म्हणून दोन गोष्टी सुचवते. माल जमा करण्याच्या आणि पान-तंबाखू आणण्याच्या वेळेत कार्यशाळा ठेवली तर कोणीही येणार नाही, तेव्हा वेळ त्यांनाच विचारून ठरवा. लहान मुलांना सोबत आणू द्या. फलकावर ‘मानसिक आरोग्य शिबिर’ असे लिहिले, तर घरची माणसे पाठवणार नाहीत.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. स्पर्धा ठेवायची नाही, हे सरांचे उत्तर वाचून दाखवल्यावर मंडळानेही मान्य केले. फलकावर ‘चित्र आणि मातीकाम’ एवढेच लिहू. मात्र येणाऱ्या बायकांपासून हेतू लपवणे मला बरे वाटत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी ‘मन हलके व्हावे यासाठी हे आहे, आणि अधिक मदत लागली तर आम्ही सोबत येऊ’ असे सांगण्याचे ठरवले आहे. सिव्हिलला सोबत जाण्यासाठी आमच्यातल्या दोघींची नावे निश्चित केली आहेत. सर, शाडू एका वेळी किती घ्यावी, आणि उन्हाळ्यात ती भिजलेली कशी ठेवावी, तेवढे कृपया कळवा.

उत्तर (निवृत्त कलाशिक्षक)

ताई, पंधरा जणींसाठी सुरुवातीला दहा किलो पुरेल. भिजवलेला गोळा ओल्या सुती कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवा आणि कापड दर दोन दिवसांनी ओले करा. सुकलेली माती टाकू नका. फोडून पुन्हा भिजत घातली की ती वापरता येते.