बॅण्डमधल्या एकाने आत्मचरित्र लिहिलं, तर बाकीच्यांनी काय करायचं?

ढोलवाला ड्रमर

गेल्या महिन्यात आमच्या जुन्या बॅण्डच्या गिटारवाल्याने कॉलेजच्या स्मरणिकेत आठ पानी लेख लिहिला. कर्वेनगरातलं गॅरेज, उसने आणलेले अॅम्प, वरच्या मजल्यावरचे काका आणि त्यांचं काठीने जमीन ठोकणं, सगळं झकास उतरलंय. मग येतं पान पाच. १९९९ साली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीला मी का आलो नाही, याचं खरं कारण त्याने छापलंय. आदल्या रात्री आईला मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. हे मी फक्त त्याला सांगितलं होतं, लकडी पुलावर, रात्री दोन वाजता. आता आईच्या भिशीतल्या मैत्रिणीने ती स्मरणिका कौतुकाने घरी आणून दिली.

लेखात मी हीरो आहे बरं का. 'असा मुलगा सर्वांना मिळो' छाप. त्यामुळे धड चिडताही येत नाही.

तेव्हापासून कपाटातली रॉकवाल्यांची आत्मचरित्रं पुन्हा काढून बसलोय. रोलिंग स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स, त्याचं २०१० चं पुस्तक घ्या. बॅण्डचाच गायक मिक जॅगर, त्याच्या अगदी खासगी अवयवावर शेरा मारून वाचकांना हसवलं, आणि रोलिंग स्टोन्सच्या पन्नाशीचे कार्यक्रम ठरायची वेळ आली तेव्हा मिक दुखावला याचा खेद वाटतो म्हणाला. जॅगरने मात्र ऐंशीच्या दशकात आत्मचरित्रासाठी घेतलेली आगाऊ रक्कम प्रकाशकाला परत केली होती. माझ्या लेखी आदर्श म्हणजे आयर्न मेडन या मेटल बॅण्डचा गायक ब्रूस डिकिन्सन. विमानं, तलवारबाजी, स्वतःचा कॅन्सर, सगळ्यावर भरभरून लिहितो. पण २०१७ च्या त्या पुस्तकात लग्नं, मुलं, घटस्फोट यातलं काही नाही, आणि ते मुद्दाम गाळलंय हेही शेवटी सांगून टाकतो. १ फेब्रुवारी २००८ ला मेडन मुंबईत आले तेव्हा बॅण्ड मोडून वर्षं झाली होती, तरी आम्ही चौघं एकत्र गेलो होतो. परतताना एसटीत हाच गिटारवाला माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला होता.

मत एवढंच, की आपली लफडी, व्यसनं, आजार खुशाल लिहा. दुसऱ्याचं लिहायचं असेल तर आधी त्याला विचारा.

तुळशीबाग मेटल

आईंबद्दल वाचून वाईट वाटलं. पण मताशी असहमत, अगदी ठाम असहमत.

'आधी विचारा' हा नियम लावला की मराठीतली निम्मी चांगली आत्मचरित्रं गेली म्हणून समजा. १९९० साली सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा पु. ल. हयात होते. अख्ख्या महाराष्ट्राच्या लाडक्या माणसाबरोबरचा संसार आतून कसा होता ते बायकोने लिहिलं, आणि पुण्यातल्या कित्येक दिवाणखान्यांत 'काय गरज होती' झालं. माझ्या आजीच्याही झालं. समजा नवरा 'नको' म्हणाला असता, तर लिहायचं नाही?

हंसा वाडकर घ्या. 'सांगत्ये ऐका' पिक्चर पुण्याच्या विजयानंद थिएटरला १३१ आठवडे चालला, पडद्यावर तिला बघायला रांगा लागल्या. तिने त्याच नावाने आपली कहाणी सांगितली, त्यात नवरा आला, दारू आली, तिला वापरून घेणारे पुरुष आले. त्या पुरुषांची लेखी संमती आणायची होती का तिने?

खासगीपणाचा पुळका बहुतेक वेळा त्याला येतो, ज्याची झाकली मूठ सव्वा लाखाची असते.

एक ते चार बंद

ज्या शहरात 'येथे चौकशी करू नये' अशी पाटी लावून मालक स्वतः दिवसभर गॅलरीतून लोकांच्या चौकशा करतो, तिथे हा धागा निघायलाच हवा होता.

ढोलवाला ड्रमर

तुळशीबाग, तुमची दोन्ही उदाहरणं खालून वर बोलणाऱ्यांची आहेत. रॉकच्या पुस्तकांत उलटा प्रकार. मॉटली क्रू या रॉक बॅण्डचं आत्मचरित्र 'द डर्ट' (२००१) आठवा. चौघांना आळीपाळीने प्रकरणं मिळाली, मॅनेजरलाही बोलायला मिळालं. ज्या मुलींचे किस्से रंगवून सांगितलेत त्यांच्या वाट्याला प्रकरण नाही. त्यांना कोणी विचारलं? पुढे त्यावर नेटफ्लिक्सचा पिक्चरही आला. हंसाबाई कुठे आणि हे कुठे!

तुळशीबाग मेटल

हे मान्य. 'द डर्ट' मी अर्ध्यावर टाकलं, किळस आली म्हणून. पण विचार करा, त्या चौघांनी सभ्यपणे ते सगळं गाळलं असतं, तर आज आपल्याकडे चार गुणी कलाकारांची गोड गोष्ट असती. ते कसे वागत होते हे त्यांच्याच तोंडून कळलं ते बढाईमुळे. तुमच्या डिकिन्सनचं पुस्तक मला आवडतं, पण ते वैमानिकाच्या लॉगबुकासारखं आहे. माणूस घरी कसा होता, कोण जाणे.

२११२, नारायण पेठ

आयडी बघून माझा पंथ कळला असेलच, '२११२' हा रश बॅण्डचा अल्बम. रशचा ड्रमर नील पर्ट, त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुढे जाऊ नये.

१९९७ मध्ये त्याची मुलगी अपघातात गेली, दहा महिन्यांनी बायको कॅन्सरने. तो मोटरसायकल काढून हजारो मैल एकटा फिरत राहिला आणि २००२ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. म्हणजे दुःखाबद्दल लिहायला त्याची ना नव्हती. पण अनोळखी माणसाने येऊन गळ्यात पडावं हे त्याला सहन होत नसे. तसं १९८१ च्या गाण्यात त्याने सरळ लिहूनच ठेवलं होतं. मग त्याला मेंदूचा कॅन्सर झाला. साडेतीन वर्षं तो आजारी होता आणि बाहेर कोणाला पत्ता नाही. ७ जानेवारी २०२० ला गेला, जगाला कळलं १० तारखेला. बॅण्डमधले बाकीचे दोघं एवढा काळ तोंड मिटून बसले, कारण तशी त्याची इच्छा होती. मैत्री म्हणजे काय, तर ही.

आता गंमत अशी, की २०२३ मध्ये त्याच दोघांतल्या गेडी लीने आत्मचरित्र लिहिलं आणि त्यात पर्टचं आजारपण सांगितलं. ड्रमरसाहेब, तुमच्या नियमाने हा गुन्हा. मेलेल्या माणसाला विचारणार कसं?

ढोलवाला ड्रमर

ती पानं मी वाचलीत. रडलोय वाचून. ती नसावीत असं म्हणायची माझी हिंमत नाही. नियमात बसत नाहीत हेही खरं.

एवढंच म्हणेन, की गेडी लीने आधी साडेतीन वर्षं गप्प राहून दाखवलं होतं.

काळा कोट

कायद्याची बाजू, कारण कोणीतरी ती आणणारच. सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा आर. राजगोपाल खटला आत्मचरित्रावरूनच उभा राहिला. ऑटो शंकर नावाच्या फाशीच्या कैद्याने तुरुंगात आपली कहाणी लिहिली, त्यात त्याच्याशी लागेबांधे असलेले अधिकारी होते. 'नक्कीरन' हे तमिळ साप्ताहिक ती छापणार म्हटल्यावर वरून दटावणी आली. कोर्टाने सांगितलं, सरकारला किंवा अधिकाऱ्यांना छपाई आधीच रोखता येणार नाही. बदनामी झाली वाटलं तर नंतर दावा लावा. मात्र त्याच निकालात असंही आहे, की माणसाचं घर, लग्न, आईपण, मुलं यांबद्दल त्याच्या संमतीशिवाय कोणी छापू नये. मजकूर खरा असो वा खोटा, स्तुती असो वा टीका. सार्वजनिक दप्तरात आलेली गोष्ट वेगळी, स्वतःहून वादात उडी घेणाऱ्याची गोष्ट वेगळी. पुढे २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं.

'स्तुती असो' हे शब्द धागाकर्त्यांनी दोनदा वाचावेत. हीरो केलं म्हणून हक्क जात नाही.

एक ते चार बंद

स्मरणिकेवर दावा लावला तर निकाल येईपर्यंत गिटारवाल्याचं आत्मचरित्र तीन खंडांत येईल.

ढोलवाला ड्रमर

दावाबिवा नाही हो, मित्र आहे. मी फोनवर बोललो तर म्हणाला, "अरे, त्या रात्री माझाही बॅण्ड मोडला. मला पंचवीस वर्षं लोक विचारतात का मोडला, मी काय सांगू?" यावर मला उत्तर सुचलं नाही. 'ड्रमरच्या घरी अडचण होती' एवढं पुरलं असतं, हे फोन ठेवल्यावर सुचलं.

तुळशीबाग मेटल

एक विचारू? राग मानू नका. गिटारवाल्याने जे पाचशे जणांच्या स्मरणिकेत छापलं, ते तुम्ही इथे पहिल्याच परिच्छेदात लिहिलंत. आईंना विचारलं होतंत?

ढोलवाला ड्रमर

टोपणनावाने लिहिलंय.

एक ते चार बंद

कर्वेनगर, गॅरेज, १९९९, फायनलला न आलेला ड्रमर, आता पथकात ढोल. अर्ध्या डेक्कनने तुम्हाला कालच ओळखलंय.

ढोलवाला ड्रमर

बरोबर आहे. नाही विचारलं.

मनोरुग्णालयाचं ते वाक्य आणि त्याला धरून आलेले प्रतिसाद उडवायला संपादकांना निरोप टाकलाय.

२११२, नारायण पेठ

अहो, ते काढलंत तर बाकीचं कोणाला काही कळणारच नाही. धाग्याचा जीवच तो आहे.

ढोलवाला ड्रमर

नाही कळलं तर नाही. आईने गेल्या आठवड्यात माझ्याकडून मोबाइलवर मराठीत शोधायला शिकून घेतलंय.