मदत हवी आहे: पर्नुलुलुमध्ये एका रात्रीचा वॉक, पाणी किती न्यायचं?

ऑगस्टअखेर आम्ही दोघं पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्नुलुलु नॅशनल पार्कला जातोय. पिकानिनी गॉर्जचा जाऊन-येऊन 30 किमीचा पूर्ण ट्रेक नकोय, वाटेतल्या 'एल्बो' नावाच्या वळणाच्या जरा पुढे एक रात्र राहून परत यायचंय, ते वालुकाश्माचे पट्ट्यापट्ट्यांचे घुमट सकाळच्या कोवळ्या उन्हात निवांत बघायचेत. फोर बाय फोर ठरलीये, पीएलबी (संकटात आपलं ठिकाण कळवणारं यंत्र) घेतोय, व्हिजिटर सेंटरला नोंदणी करूनच निघणार. नकाशे आणि पार्कची माहिती वाचून झालीये, अडलंय फक्त पाण्यावर. कोरड्या मोसमात डबकी आटत जातात आणि वाळू-गोट्यांच्या पात्रातनं जड सॅक घेऊन चालायचं म्हणजे दम निघतो, पण कमी नेणं तर सरळ धोक्याचंच. ऑगस्ट-सप्टेंबरात जाऊन आलेल्यांनी प्लीज सांगा, एल्बोच्या आसपास फिल्टर करून पिण्याइतकं पाणी मिळतं का, की दोन्ही दिवसांचं पाठीवरच न्यायचं?