प्रतिसाद: ब्लॅक बॉक्स नसेल तर?

काका, इंदूरहून उडणाऱ्या शिकाऊ सेसना विमानात ब्लॅक बॉक्स नसेल तर अपघाताचा तपास कशावरून, असं तुम्ही विचारलंत. मग कॉकपिटमधले डायल आणि दिवेच बोलतात.

डायलचा काटा आत्ता जिथे अडकलाय तो आकडा खरा मानू नका. आदळल्यावर तो सरकतो. पण धडकेच्या क्षणी काटा डायलवर आपटतो, त्याचा चमकणारा रंग तिथे पुसटसा चिकटतो. अतिनील प्रकाशात आणि भिंगाखाली तो डाग दिसतो. इशाऱ्याच्या दिव्याचंही तसंच: पेटलेला असेल तर तापलेली टंगस्टनची तार मऊ होऊन स्प्रिंगसारखी ताणली जाते, विझलेला असेल तर कडक तार कटकन तुटते. एलईडीत तारच नसते, त्याने ही सोय घालवली! एकाच डागावर मात्र निकाल देऊ नये. इंजिन, प्रोपेलरशी ताळा जुळायला हवा.

आणि म्हणून आधी फोटो, मगच हात. अल्टिमीटरची, म्हणजे उंची दाखवणाऱ्या डायलची, दाबाची खूण कुतूहलाने फिरवली की पुरावा गेला.

मोठ्या विमानाचा रेकॉर्डर, म्हणजे ब्लॅक बॉक्स, पाण्यातून काढला तर वाळवत बसू नका. गोड्या पाण्यात बुडवूनच प्रयोगशाळेत न्यायचा, नाहीतर हवा लागून गंज झपाट्याने धरतो.