१६ एमएमचा बोलेक्स मिळतोय, घेऊ का? गुऱ्हाळावर शॉर्टफिल्म करायची आहे

काहीलभर_रस

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूर जवळचा, नोकरी करून फिल्मी करतो, आतापर्यंत तीन शॉर्टफिल्म केल्या त्या सगळ्या मोबाईल आणि मित्राच्या डीएसएलआरवर. आता आमच्या पाहुण्यांच्या गुऱ्हाळावर बारा मिनिटांची फिल्म करायची आहे, गुळव्या हे मुख्य पात्र, संवाद अगदी थोडे. आणि डोक्यात किडा असा शिरलाय की ही खऱ्या फिल्मवर करायची, १६ एमएमवर. चुलवाणाचा जाळ, वाफ, पहाटेचं धुकं, हे सगळं फिल्मवर कसं दिसेल या विचारानंच झोप उडालीय.

तर मुंबईत एका जुन्या कॅमेरावाल्याकडे बोलेक्स एच-१६ रिफ्लेक्स आहे, सोबत तीन लेन्स, १०, २५ आणि ७५ एमएम. तो ९५ हजार म्हणतोय, थोडं कमी करेल असं वाटतं. माझं सगळं बजेट मिळून अडीच लाख आहे आणि त्यात जेवणखाण, प्रवास सगळं आलं. घेऊ का? बघायला गेलो तर नेमकं काय बघू? मला त्यातलं काही कळत नाही, नुसते व्हिडिओ बघितलेत.

रीळमास्तर

पहिल्यांदा अभिनंदन, कारण बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला त्या गावचा माणूस फिल्मवर शूट करायचं म्हणतोय. आता थंड पाण्याची बादली.

बोलेक्स चावीचा कॅमेरा आहे. पूर्ण चावी दिली की सेकंदाला २४ फ्रेमच्या वेगानं साधारण २८ सेकंद चालतो आणि थांबतो. म्हणजे तुझा कुठलाही शॉट अर्ध्या मिनिटापेक्षा मोठा नाही. काहील उचलून वाफ्यात ओततात तो प्रसंग एका शॉटमध्ये घ्यायचा विचार असेल तर विसर, किंवा ओतायला सुरुवात व्हायच्या आत नवी चावी देऊन तयार रहा. कॅमेऱ्याचा आवाज शिलाई मशीनसारखा येतो, त्यामुळे लाइव्ह साउंड नाही. संवाद थोडे आहेत म्हणालास ते बरंय, डबिंग कर, आपल्याकडे कित्येक वर्षं तसंच चालायचं.

बघायला गेलास की हे बघ, मी जसं आठवतंय तसं लिहितो. लेन्स काढून मोबाईलच्या टॉर्चनं आरपार बघ, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. मग चावी देऊन रिकामा चालव, वेग शेवटपर्यंत एकसारखा वाटला पाहिजे, घरघर मध्येच जड झाली तर तेल सुकलंय. मग सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे ९० टक्के लोक विसरतात: लेन्सच्या मागे, गेटच्या (फिल्मवर उजेड पडतो त्या चौकटीच्या) पुढे जिलेटिन फिल्टरचा पातळ होल्डर घालायची एक फट असते, तो होल्डर जागेवर आहे का ते बघ. नसेल तर त्या फटीतून उजेड शिरतो आणि अख्खी रीळ धुक्यासारखी होते. व्ह्यूफाइंडरचंही तेच, त्याला बंद करायची कळ असते, शॉट घेताना डोळा लावलेला नसेल तर ती बंद ठेवायची, नाहीतर मागून उजेड आत.

आणि व्हेरिएबल शटरची, म्हणजे शटर कमी-जास्त उघडायची दांडी. माझ्या पहिल्या रिळीला ती पूर्ण मिटलेली राहिली, दोन मिनिटं पस्तीस सेकंद काळोख शूट केला. त्या दिवशी शेतात म्हातारे आजोबा पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर हसले होते. ते परत नाही हसले.

अजून एक, उजेड मोजायचा मीटर लावताना लक्षात ठेव, शटर उघडा असला तरी २४ फ्रेमला शटर स्पीड १/६५ च्या आसपास असतो, आणि वरून रिफ्लेक्सच्या प्रिझममध्ये, म्हणजे व्ह्यूफाइंडरकडे उजेड वळवणाऱ्या काचेत, थोडा उजेड जातो. म्हणून मीटरवर १/८० धर. नेहमीच्या १/५० वर मीटर लावलास तर सगळं अंधारं येईल.

लेन्स कुठल्या आहेत ते विचार. ५० एमएमपेक्षा लहान लेन्सवर "आरएक्स" कोरलेलं पाहिजे, म्हणजे ती प्रिझमवाल्या बोलेक्ससाठी बनवलेली. साधी सी-माउंट (१६ एमएम कॅमेऱ्यांच्या आट्यांची) २५ लावलीस तर बसेल, दिसेल, पण अपर्चर उघडं ठेवलं की मऊ येईल. ७५ ला फरक पडत नाही.

हिशेबवही

सगळे कॅमेऱ्याचं बोलतायत, रिळीचं कोण बोलणार?

१०० फुटाची रीळ २४ फ्रेमला २ मिनिटं ४६ सेकंद. १६ एमएमला एका फुटात ४० फ्रेम, म्हणजे एका मिनिटाला ३६ फूट. तुझी फिल्म बारा मिनिटांची, चारास एक, म्हणजे एका मिनिटासाठी चार मिनिटं, एवढं काटकसरीनं शूट केलंस तरी ४८ मिनिटं, म्हणजे १७२८ फूट, म्हणजे १८ रिळी. आता प्रत्येक रिळीला तीन ठिकाणी पैसे लागतात: रीळ विकत, डेव्हलप, स्कॅन. वर कस्टम आणि कुरिअर. विक्रेत्यांचे आजचे भाव काढून १८ नं गुण आणि मग ९५ हजाराकडे बघ. कॅमेरा हा या गोष्टीतला सगळ्यात स्वस्त भाग आहे हे लोकांना दुसऱ्या रिळीला कळतं.

आणि आधी लॅबला फोन. डिजिटल आल्यावर आपल्याकडच्या बहुतेक लॅब बंद पडल्या, तेव्हा कॅमेरा घ्यायच्या आधी विचार की १६ एमएमचा रंगीत निगेटिव्ह करतात का, किती दिवसांनी बॅच लावतात, स्कॅन तिथेच होतो का. गावातल्या फोटो लॅबमध्ये तर बिलकुल देऊ नकोस, सिनेमाच्या जुन्या रंगीत स्टॉकला मागून काळा थर असतो, रेमजेट, तो त्यांच्या मशीनमध्ये सुटला की लॅबवाला तुला शोधत येईल.

बाहेरून मागवलीस किंवा विमानानं नेलीस तर एक्सरेचंही बघ. नवीन सीटी स्कॅनर आलेत त्यात फिल्म गेली की गेली. हातानं तपासा म्हणून विनंती करायची, रागवायचं नाही, विनवायचं.

सावंतवाडीकर

मी उलट बाजूनं बोलतो. फिल्मचा लुक पाहिजे की फिल्मवर केलं हे सांगायचंय? दोन्ही चालतं, पण वेगवेगळं आहे. पहिलं असेल तर पैसे लेन्समध्ये घाल.

माझ्याकडे २०१३ चा ब्लॅकमॅजिकचा पहिला पॉकेट हा डिजिटल सिनेमा कॅमेरा आहे, सेकंडहँड घेतला. त्याचा सेन्सर जवळजवळ सुपर १६ (१६ एमएमचीच रुंद चौकट) एवढाच आहे, म्हणून बोलेक्सच्या जुन्या सी-माउंट लेन्स साध्या अडॅप्टरनं लागतात. वाइड लेन्सला कोपरे काळे येतात कारण साध्या १६ ची चौकट जराशी लहान, पण २५ मिलीमीटर मस्त बसते. बॅटरी मात्र चेष्टा आहे, तासभर पण नाही, पाच-सहा लागतात. आणि आयआर कट (इन्फ्रारेड अडवणारा) फिल्टर घे, नाहीतर काळे कपडे तपकिरी दिसतात, गुऱ्हाळावर जाळाच्या उजेडात तर फारच.

कोणीतरी म्हणेल की जुन्या लेन्स भारी. हो, पण समजून घ्या. हेलिओस ४४-२ घेतली, ५८ एमएम एफ २, एम ४२ माउंट, रशियन. अपर्चरची रिंग न अडकता फिरते म्हणून व्हिडिओला छान, फिरता फिरता उजेड हळूहळू कमी होतो. मागचं बोके (धूसर झालेली पार्श्वभूमी) गरगरतं, पहिल्या दिवशी आवडतं, तिसऱ्या दिवशी डोकं दुखतं. निकॉनच्या जुन्या मॅन्युअल लेन्स टणक आणि स्वस्त, फक्त फोकसची रिंग सिने लेन्सच्या उलट फिरते, भाड्यानं आणलेला फोकस पुलर (शॉट चालू असताना फोकस फिरवणारा) शिव्या देतो. सुपर टाकुमार ५० एफ १.४ पिवळी पडलेली असेल तर घाबरू नका, त्यातल्या काचेत थोरियम असतं त्यामुळे पडते, चार दिवस उन्हात ठेवली की बरीच उतरते.

बुरशीचं तर आमच्याकडे कोकणात रडगाणंच. माझ्या दोन लेन्स एका पावसाळ्यात गेल्या, चामड्याच्या पिशवीत ठेवल्या म्हणून. आता घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल, आणि आठवड्यातनं एकदा उजेडात. तुझ्याकडे वाफेत शूट आहे, ही गोष्ट हलकी घेऊ नको. थंड लेन्स गरम वाफेत नेलीस की काच लगेच धुरकट. आधी अर्धा तास कॅमेरा गुऱ्हाळात नेऊन ठेव, काच ऊबदार होऊ दे.

रीळमास्तर

@सावंतवाडीकर वाफेचं बरोबर सांगितलंत, मी विसरलो. आणि हे पण: गुऱ्हाळात हवेत साखर असते, चिकट. शूट झाल्या झाल्या कॅमेरा बाहेरून पुस, गेट ब्रशनं साफ कर, गेटमध्ये एक केस अडकला तरी तो पडद्यावर दोरीएवढा दिसतो.

फिल्मवरच करायचं तर मधला रस्ता: चारच रिळी घे. पहाट, जाळ, ओतणं आणि गुळव्याचा चेहरा. बाकीचं डिजिटलवर. आणि चारातली एक आधी वाया घालव, स्क्रॅच टेस्ट. दहाएक फूट कॅमेऱ्यातून चालवायचे, बाहेर काढून उजेडात तिरके धरायचे, उभा ओरखडा दिसला तर गेट किंवा लूप (गेटच्या वर-खाली फिल्मचा सैल वळसा) बिघडलाय. त्यासाठी जुनी एक्स्पायर झालेली फिल्म पण चालते.

बोलेक्सला एकेक फ्रेम घ्यायची सोय असते हे पण वापर. फाळक्यांनी एक-एक फ्रेम घेत वाटाण्याच्या वेलाची वाढ दाखवली आणि मग कुठे पैसेवाला पटला. तू ऊस उगवताना नको घेऊस, पण काहिलीतला रस घट्ट होत जातो तो दर दहा सेकंदाला एक फ्रेम घेतलास तर तीन तासात जेमतेम २७ फूट लागतील.

हिशेबवही

१०८० फ्रेम भागिले ४०, बरोबर २७. मास्तरांचं गणित बरोबर आलं हे पहिल्यांदाच.

काहीलभर_रस

सगळ्यांचे आभार, दोनदा वाचलं. काल मुंबईला जाऊन आलो. टॉर्चनं बघितलं, १० आणि ७५ स्वच्छ, २५ ला कोपऱ्यात थोडं जाळं आणि त्यावर आरएक्स नाहीच. चावी शेवटपर्यंत एकसारखी चालली. पण फिल्टरचा होल्डर नाही, फट मोकळी! विक्रेत्याला दाखवलं तर म्हणाला "ते काय लागत नाय". मग मी २५ ची लेन्स बाजूला ठेवून ६५ म्हणालो, तो ८०, शेवटी ७२ ला आणला, २५ ची लेन्स पण त्याच्याकडून घेतली कारण सावंतवाडीकरांच्या पॉकेटला लागते असं वाचलं.

लॅबला फोन केला, १६ एमएम करतात पण पुढच्या महिन्यात बॅच, तेव्हा चार रिळींचा मार्ग पक्का. बाकीचं मित्राच्या डिजिटलवर. आमच्या घरी अजून कॅमेरा दाखवलेला नाही, आईला सांगितलंय की भाड्यानं आणलाय.

एकच प्रश्न, होल्डर मिळेपर्यंत त्या फटीला काळी टेप लावली तर चालेल का?

रीळमास्तर

चालेल. कापडी काळी, दोन थर, आणि कडा नखानं दाबून बसव. चकचकीत इलेक्ट्रिकची नको, उन्हात गोंद पाघळतो. टेप लावून तिथे बाहेरून टॉर्च मार आणि गेटमध्ये उजेड येतोय का ते अंधाऱ्या खोलीत बघ.