काकांच्या कर्जाला जामीन राहिलो, आता सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावरून मिळणारे गुण) कमी. गृहकर्जासाठी काय करू?

डिचोलीचा_मास्तर:
शाळेत नोकरी, पगार वेळेवर, स्वतःचं दुचाकीचं कर्ज कधीच फेडलंय. तरी घराच्या कर्जासाठी गेलो तर ६४८ स्कोअर दाखवून फाइल परत केली. अहवाल काढला तेव्हा उलगडा झाला. काकांच्या ट्रकच्या कर्जाला मी जामीन होतो. मार्च २०१८ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, खनिज वाहणारा ट्रक दारात उभा राहिला, हप्ते थकले. पुढे काकांनी बँकेशी तडजोड करून खातं मिटवलं. माझ्या अहवालात ते 'सेटल्ड' दिसतंय. एक एजंट म्हणतो, पंधरा हजारांत नोंद काढून देतो. देऊ का?

म्हापशाची_हिशेबनीस:
मास्तर, एजंटाला एक रुपयासुद्धा देऊ नका. सिबिल स्वतःहून नोंद बदलत नाही, कर्ज देणाऱ्या बँकेने कळवावं लागतं. आणि बँकेकडे तुम्ही स्वतः जाऊ शकता.

'सेटल्ड' म्हणजे बँकेने येणे असलेली काही रक्कम सोडून दिली. पुढच्या बँकेला तेच खुपतं, कारण स्कोअरचा ३०० ते ९०० मधला आकडा कितीही असला तरी ती ही नोंद वेगळी वाचते. सोडलेली रक्कम किती, ते लेखी मागा. ती भरता आली तर नो ड्यूज (काहीच बाकी नाही असा) दाखला घ्या आणि खातं 'क्लोज्ड' म्हणून कळवा असा अर्ज द्या, पोच घेऊन. स्कोअर लगेच उडी मारणार नाही, पण तो दाखला फाइलला लावता येतो.

सत्तरीकर:
आमच्या वाड्यावर अशी कितीतरी घरं आहेत. ट्रक एकाचा, सही दुसऱ्याची. पण सात वर्षांनी नोंद आपोआप जाते ना?

म्हापशाची_हिशेबनीस:
त्यावर विसंबू नका. नियमाने माहिती किमान सात वर्षं ठेवायची असते. सात झाली की पुसायचीच, असं नाही.

मडगावकर:
सिबिलबरोबर एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या तशाच कंपन्यांचेही अहवाल बघा. प्रत्येकाकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो. स्वतः बघितल्याने स्कोअर घटत नाही. पण एकाच वेळी चार-पाच बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी नोंदली जाते. आणि काकांनी खरं तर सगळी रक्कम भरली असेल तर ही चुकीची नोंद ठरते, सरळ तक्रार करा. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचे लोकपाल.

डिचोलीचा_मास्तर:
धन्यवाद. बचत खात्यात बऱ्यापैकी शिल्लक आहे, त्याने स्कोअर वाढतो का? क्रेडिट कार्ड कधी घेतलं नाही.

मडगावकर:
नाही. पगार आणि शिल्लक स्कोअरमध्ये धरत नाहीत, फक्त उधारीचा व्यवहार धरतात. मुदत ठेवीवर कार्ड मिळतं, ते घ्या. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत वापरा आणि पूर्ण बिल भरा. नुसतं 'मिनिमम ड्यू' (बिलातली किमान रक्कम) भरलं तर उशिराची नोंद टळते, व्याज मात्र चढत राहतं.

तारवटी_वास्को:
माझं म्हणणं, बिल ऑटो-पेवर टाकाच. आम्ही महिनोन्महिने बोटीवर असतो, तेवढ्यानेच निभावतं.

म्हापशाची_हिशेबनीस:
मास्तर, आधी त्या जुन्या शाखेत जा, कार्डाचं नंतर. काकांना सोबत न्या, मूळ कर्जदार ते आहेत. तडजोडीचं पत्र त्यांच्याकडे असेल तर त्याची प्रत विसरू नका.