विजेवरची एलएफए येते आहे : आशा आणि धास्ती, दोन्ही लिहा

फिरतं चाक (धागाकर्ता)

५ डिसेंबर २०२५ रोजी टोयोटाच्या आलिशान गाड्यांच्या शाखेने, लेक्ससने, आपल्या जुन्या स्पोर्ट्स कारचं एलएफए हे नाव पुन्हा बाहेर काढलं. त्याच दिवशी टोयोटाच्या जीआर जीटी आणि जीआर जीटी३ या दोन गाड्याही लोकांसमोर आल्या. त्या दोघींच्या बॉनेटखाली चार लिटरचं, दोन टर्बोंचं नवं व्ही८ इंजिन आहे. एलएफए मात्र पूर्ण विजेवर चालणार. अजून ती कॉन्सेप्ट, म्हणजे विक्रीआधी दाखवायचा नमुना आहे. ताकद किती, वजन किती, एका चार्जमध्ये किती किलोमीटर, हे त्या दिवशी सांगितलं गेलं नाही. मापं तेवढी मिळाली: लांबी ४,६९० मिमी, उंची १,१९५ मिमी, व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) २,७२५ मिमी. उंची आणि व्हीलबेस जीआर जीटीइतकेच आहेत. बॅटरी घालूनही गाडी एवढी बुटकी ठेवली असेल तर ती बॅटरी बसवली कुठे, या विचाराने मी बरेच दिवस हैराण आहे.

पहिली एलएफए आठवा. ४.८ लिटरचं व्ही१० इंजिन, ५६० पीएस ताकद, ९,००० आरपीएमची लाल रेघ, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांची कमाल मर्यादा. उभ्या गाडीतल्या संथ फेऱ्यांवरून (आयडल) तिथपर्यंत पोचायला ०.६ सेकंद. काट्याला त्या वेगाने धावता येईना म्हणून फेरे दाखवायला डिजिटल टॅकोमीटर बसवावा लागला. डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२ या काळात ५०० गाड्या बनल्या आणि विषय संपला. त्या आवाजावर यामाहाने घेतलेल्या मेहनतीबद्दल इथे बहुतेकांना माहीत आहे.

आवाज गेल्याचं दुःख मलाही आहे, पण माझी धास्ती वेगळी आहे. विजेची मोटर पायाला उत्तर द्यायला व्ही१०पेक्षाही कमी वेळ घेते. फक्त ते उत्तर बरंचसं एकसारखंच असतं. व्ही१० तीन हजारला वेगळं बोलायचं, सहा हजारला वेगळं आणि आठच्या पुढे पार वेगळं. आपण किती मागतोय आणि अजून किती शिल्लक आहे, हे चालवणाऱ्याला त्यातून कळायचं. नव्या गाडीत हे कळणार का?

'इंजिन नाही तर मजा नाही' हे वाक्य वाचून झालंय. तुम्ही काय चालवलंय, काय दुरुस्त केलंय, कशाची वाट पाहिलीय, आणि त्यावरून तुम्हाला काय वाटतं, ते लिहा.

वळणवेडा

मी ट्रॅकवर विजेची गाडी नेलेली आहे. चार दारांची, भरपूर ताकदीची. कंपनीचं नाव लिहीत नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांत मी अक्षरशः ओरडत होतो. वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की गाडी पुढचं वळण समोर आणून ठेवायची. मग हळूहळू सरळ पट्ट्यावरचा वेग कमी व्हायला लागला. पाय तेवढाच दाबलेला, पण बॅटरी तापल्यामुळे गाडीने स्वतःच ताकद आवरती घेतली होती. थंड व्हायला वेळ दिला, पुन्हा गेलो, या खेपेला आणखी लवकर आवरली. टायरच्या बाहेरच्या कडा तर बघवत नव्हत्या. दोन टनांच्या वर वजन असलं की वळणात ते सगळं त्या कडांवरच येतं.

बॅटरीतून घेतलेला प्रवाह दुप्पट केला की तिच्या आतल्या रोधामुळे होणारी उष्णता चौपट होते. त्यामुळे जाहिरातीत हजार हॉर्सपॉवर वाचून मी खूश होत नाही. मला ती ताकद किती मिनिटं टिकते ते हवंय. पहिल्या एलएफएचं वजन १,४८० किलो होतं. नवी तिथे पोचणार नाही हे मान्य. पण रेंजच्या आकड्यासाठी बॅटरी फुगवू नका, हीच माझी विनवणी. लहान बॅटरी, जबरदस्त कूलिंग आणि वीस मिनिटं पूर्ण ताकद मिळाली तर मी रेंजचं नावही काढणार नाही.

ब्रेकबद्दल वेगळा धागा काढावा लागेल. ब्रेकवर पाय ठेवला की आधी मोटर उलटी वीज बनवून वेग उतरवते, मग डिस्क पकडते. हा सांधा ज्या गाडीत पायाला जाणवतो तिच्यात उशिरा ब्रेक मारायची हिंमत होत नाही.

तिसरा गिअर

माझी स्वतःची गाडी जुनी, मॅन्युअल, दोन सीटची. गिअर टाकताना हाताला जो खटका लागतो त्यासाठी मी ती विकत नाही. त्यामुळे विजेच्या गाडीत खोटे गिअर द्यायची कल्पना ऐकूनच मला राग यायचा. मैत्रिणीने ह्युंदाईची आयोनिक ५ एन चालवायला दिली तेव्हा रुसल्यासारखीच बसले होते.

त्या गाडीत स्टिअरिंगमागची गिअरची पट्टी (पॅडल) ओढली की मोटरचा जोर क्षणभर तुटतो, धक्का बसतो, आणि गिअर न बदलता तसंच दाबत राहिलं तर गाडी लिमिटरला, म्हणजे फेऱ्यांच्या मर्यादेला आपटल्यासारखी अडते. सगळं सॉफ्टवेअर. तरी एका आवळत जाणाऱ्या वळणात शिरताना माझ्या लक्षात आलं की मी वेगाकडे पाहिलंच नाही. 'तिसऱ्यात आहे' एवढं शरीराला माहीत होतं आणि तेवढं पुरलं. विजेच्या दुसऱ्या गाड्यांत मला सतत आकड्याकडे बघावं लागतं. धागाकर्त्यांनी 'किती शिल्लक आहे हे कळणं' म्हटलंय ते मला इथे थोडं मिळालं.

लेक्ससकडेही ही विद्या आहे. २०२५ च्या आरझेड ५५०ई एफ स्पोर्टमध्ये आठ आभासी गिअर दिले आहेत. एलएफएमध्ये ते येणार असतील तर येऊ देत, पण बंद करायचं बटण बोटाखाली द्या, स्क्रीनच्या तिसऱ्या पानावर नको.

मला खरी भीती स्टिअरिंगची आहे. त्याच आरझेडमध्ये स्टिअर-बाय-वायर आहे, म्हणजे स्टिअरिंग आणि चाकं यांच्यात लोखंडी दांडा नाही, फक्त तारा. शहरात वळवायला ते सोपं असेल. पण पुढच्या टायरची पकड सुटायला लागल्याची बातमी माझ्या जुन्या गाडीत त्या दांड्यातूनच येते. ती कमावलेली जाण मला सोडायची नाही.

कंपन

मला उजव्या कानाने ऐकू येत नाही, डाव्याने थोडंसं. आवाजाच्या चर्चेत म्हणून मी सहसा लिहीत नाही. या धाग्यात लिहितो.

लोक ज्याला इंजिनचा आवाज म्हणतात तो मला सीटच्या पाठीतून, स्टिअरिंगच्या रिंगमधून आणि डाव्या पायाखालच्या पत्र्यातून मिळतो. गिअर कधी टाकायचा ते मी मांड्यांवरून ओळखतो. पहिल्या एलएफएमध्ये शेजारच्या सीटवर एकदाच बसायला मिळालं. इंजिन वर चढलं तशी जाड थरथर बारीक होत होत मणक्यातून मानेपर्यंत आली. त्या दिवशी आपल्याला काही कमी मिळालं असं मला वाटलं नाही.

स्पीकरमधून वाजवलेला आवाज माझ्या काही कामाचा नाही. फेरारीने आपल्या विजेच्या गाडीबद्दल ऑक्टोबर २०२५ मध्ये जे सांगितलं ते मला पटलं: मागच्या अॅक्सलवर सेन्सर बसवून तिथली खरी कंपनं पकडायची आणि इलेक्ट्रिक गिटारसारखी मोठी करायची. खोटं काही तयार करायचं नाही. लेक्ससने याच्या एक पाऊल पुढे जावं आणि ती खरी कंपनं सीटमध्ये सोडावीत. मोटरला, तिच्या गिअरला, टायरला स्वतःची थरथर असते. आलिशान गाडी म्हणून ती सगळी रबरात गुंडाळून टाकली, तर माझ्यासाठी त्या गाडीत चालवण्यासारखं फार काही उरत नाही.

फिरतं चाक

कंपन, तुमचा प्रतिसाद मी दोनदा वाचला. 'आलिशान' या नावाखाली रबरात गुंडाळणं, हेच नेमकं मला म्हणता येत नव्हतं.

सरळ चासी

माझा धंदा ठोकलेल्या गाड्या सरळ करायचा. तेव्हा जरा धंद्याचं बोलतो.

नव्या एलएफएला जीआर जीटीचीच अॅल्युमिनियमची फ्रेम आहे. टोयोटाची ही पहिलीच पूर्ण अॅल्युमिनियम फ्रेम. गंमत अशी की पहिली एलएफए आधी अॅल्युमिनियममध्येच बनत होती. ते अर्ध्या वाटेवर सोडून २००५ च्या सुमारास कार्बन फायबर घेतलं, त्यासाठी विणायची यंत्रंसुद्धा घरीच तयार केली. आता पुन्हा अॅल्युमिनियम. दुरुस्त करणाऱ्याच्या नजरेतून मला हे आवडलंय, कारण तडकलेल्या कार्बनच्या आत किती नुकसान आहे ते वरून कळत नाही.

पण अॅल्युमिनियम सोपं आहे असं कुणी समजू नका. त्याला वेगळी जागा आणि वेगळी हत्यारं लागतात. पोलादाची पूड त्यात रुतली की तिथून गंज धरतो. पोलाद तापवून ओढता येतं. अॅल्युमिनियमला जास्त आच लागली की त्याची ताकदच जाते. मोठे ओतीव भाग वाकले तर सरळ करत नाहीत, कापून नवे लावतात. ते भाग वेळेवर मिळाले पाहिजेत.

बॅटरीची काळजी याहून मोठी आहे. आमच्याकडे विजेची एक गाडी आली होती. बॉडीवर ओरखडाही नव्हता, खालून दगड लागून बॅटरीच्या पेटीला पोचा आला होता. गाडी चालत होती. पण पेटी आतून ठीक आहे असं लिहून द्यायला कुणी तयार होईना, आणि शेवटी ती आख्खी गाडी विम्याने निकालात काढली. ते बघून मला रात्री झोप लागली नाही. चांगली गाडी होती हो. एलएफए तर जमिनीपासून किती उंच असणार? तेव्हा बॅटरी तुकड्यातुकड्यांत उघडता यावी, खराब झालेला तेवढाच तुकडा बदलता यावा, आणि तपासायची रीत कंपनीने बाहेरच्या कारागिरांनाही द्यावी. माझी आशा एवढ्यावरच आहे.

लांबचा प्रवासी

सरळ चासी यांना +१. बॅटरीचा मुद्दा सोन्यासारखा.

प्रतीक्षालय

मला वाट बघायची धास्ती आहे. होंडाच्या दुसऱ्या एनएसएक्सची कॉन्सेप्ट २०१२ मध्ये आली तेव्हा मी प्रत्येक फोटो साठवत होते. मध्येच इंजिन आडव्याचं उभं झालं, टर्बो आले, आराखडा पुन्हा मांडला. गाडी हातात पडायला २०१६ उजाडलं. चालवली तेव्हा पुढच्या दोन मोटर ज्या तऱ्हेने नाक वळणात ओढून घेत होत्या त्याने मी थक्क झाले. माझ्या मते ती गाडी तिच्या नावलौकिकापेक्षा खूप चांगली होती. पण तोवर लोकांचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं, आणि २०२२ मध्ये ती बंद झाली.

लेक्ससने विजेच्या स्पोर्ट्स कारची कॉन्सेप्ट डिसेंबर २०२१ मध्येच दाखवली होती. तेव्हा ७०० किमीची रेंज आणि सॉलिड-स्टेट (आत द्रवाऐवजी घन पदार्थ असलेल्या) बॅटरीची गोष्ट झाली होती. चार वर्षांनी दुसरी कॉन्सेप्ट, आता एलएफए नावाने. जीआर जीटीसाठी २०२७ च्या आसपासचा मुहूर्त तरी सांगितला. मला तारीख मिळाली तर मी शांतपणे थांबेन. बॅटरी तयार नसेल तर तसं स्पष्ट सांगा, पण अर्धवट बॅटरी घालून हे नाव लावू नका.

जुना काटा

माझ्याकडे नव्वदच्या दशकातली जपानी कूपे आहे. यांत्रिक भाग मी कसेही उभे करतो: बुश बनवून घेतो, गॅस्केट कापून घेतो. मला रडवते ती कंट्रोल युनिटची पाटी, म्हणजे गाडीच्या संगणकाचं सर्किट. कपॅसिटर गळतात, खालचे तांब्याचे पट्टे खातात. एका पाटीची ही कथा. पुढच्या एलएफएमध्ये अशा किती पाट्या असतील, आणि सॉफ्टवेअरच्या कुलपाशिवाय त्यातली कुठली चालेल?

नव्या गाड्या दाखवताना टोयोटाने जपानमधल्या इसे इथल्या मंदिराचा दाखला दिला. दर वीस वर्षांनी ते मंदिर नव्याने बांधतात, म्हणजे जुन्या कारागिरांचं कसब तरुणांच्या हाती जातं. टोयोटाची जुनी स्पोर्ट्स कार २०००जीटी, मग एलएफए आणि आता या गाड्या, अशी ती साखळी. मला ती कल्पना मनापासून आवडली. तेच कसब जुनी गाडी जिवंत ठेवायलाही वापरा, एवढंच माझं म्हणणं. हे त्यांना जमतं. जीआर हेरिटेज पार्ट्स या योजनेखाली सुप्रा या स्पोर्ट्स कारच्या जुन्या पिढ्यांचे आणि २०००जीटीचे सुटे भाग ते नव्याने बनवतात. विजेच्या एलएफएची बॅटरी २०५० मध्ये कुणी तशीच नव्याने बनवून देणार असेल, तर ती गाडी संग्रहालयात न पडता रस्त्यावर राहील.

शेजारची सीट

घरात गाड्यांचं वेड नवऱ्याला, मी शेजारी बसते. पण इतकी वर्षं बसलेय की मलाही मत आहे. इंजिनच्या गाडीत मला कधी मळमळलं नाही, कितीही जोरात चालवली तरी. विजेच्या वेगवान गाडीत थोड्या वेळातच पोट ढवळतं. कारण माझ्यापुरतं मला सापडलंय: इंजिन आधी आवाज चढवतं, मान आपोआप ताठ होते, मग जोर येतो. मोटर काही न सांगता ढकलते, आणि चालवणाऱ्याने पाय सोडला की तितक्याच अचानक मागे खेचते. ज्याचा पाय पेडलवर आहे त्याला पुढचं माहीत असतं, मला नसतं.

कंपन यांनी सीटमधल्या थरथरीबद्दल लिहिलंय ते वाचून वाटलं, माझ्याही दुखण्यावर हाच उपाय असेल. दोन सीटची गाडी आहे, दुसऱ्या सीटचाही विचार व्हावा. जोर यायच्या आधी क्षणभर मला कळू दे. कशाने, ते इंजिनिअरांनी ठरवावं.