मदत हवी आहे: कॉलेजच्या 'प्रेसिडेंट'ला मराठीत काय म्हणू?

नमस्कार मंडळी, फ्रान्सिस वेलँडवर एक छोटा लेख लिहायला घेतलाय आणि पहिल्याच वाक्यात अडकलोय. हा माणूस १७९६ चा, न्यूयॉर्कचा, आधी डॉक्टरकी शिकला मग ते सोडून बाप्टिस्ट धर्मोपदेशक झाला, बोस्टनच्या चर्चमध्ये पाच वर्षं होता आणि १८२७ ते १८५५ अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीचा प्रेसिडेंट. आता प्रेसिडेंटला 'अध्यक्ष' लिहिलं तर संस्थाचालक वाटतो, 'कुलगुरू' म्हणावं तर तेव्हाचं ब्राउन म्हणजे एक लहानसं कॉलेजच, आणि 'प्राचार्य' जरा कमी पडतं का? शिवाय हे साहेब स्वतः वर्गावर नीतिशास्त्र शिकवायचे, त्यावर १८३५ साली पाठ्यपुस्तकही काढलं. १८५० मध्ये तर म्हणाले की सगळ्यांना तोच ठरावीक कोर्स कशाला, मुलांना विषय निवडू द्या. त्या काळात!

दुसरं, 'मिनिस्टर'ला पाद्री की पाळक? पाद्री म्हटलं की मला झगा घातलेला कॅथलिक फादरच दिसतो, आणि बाप्टिस्ट तर मोठ्या वयात, स्वतः कबुली देऊन, पाण्यात पूर्ण बुडवून बाप्तिस्मा घेणारे. चर्चमध्ये जाणारं कोणी इथे असेल तर तुमच्या घरात काय म्हणतात तेवढं सांगा प्लीज.

आणि हो, शेवट जपानवर करू का? १८६८ साली एदोत (म्हणजे आजच्या टोकियोत) उएनोची लढाई, सम्राटाचं सैन्य विरुद्ध शोगुनचे समर्थक, चालू असताना जपानी शिक्षणतज्ज्ञ फुकुझावा युकिची आपल्या शाळेत वेलँडचंच अर्थशास्त्राचं पुस्तक शिकवत बसले होते, तो किस्सा मला सोडवत नाहीये पण विषयांतर होईल अशी भीती वाटते.